आठवणींचं सील

शुद्धीवर आल्यावर मोनाली गोतमारेनं आधी डावीकडे पाहिलं. पराग डावीकडे झोपायचा. तिथे पराग नव्हता. खुर्चीत तिची सासू बसली होती.

हे तिला इतकं विचित्र वाटलं, की आपण दवाखान्यात आहोत हे कळायलाही थोडा वेळ गेला. पराग आणि तिनं रजिस्टर लग्न केलं तेव्हा रजनीबाई आल्या नव्हत्या. त्यानंतर चार वर्षं त्यांनी सुनेशी एक धड वाक्य बोललेलं मोनालीला आठवत नव्हतं. आणि आता त्या तिच्या उशाशी बसून थर्मासमधला चहा कपात ओतत होत्या. कोरा, बिनसाखरेचा, तिला लागतो तसा.

"पराग कुठे आहे?" मोनालीनं विचारलं.

रजनीबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं. डॉ. केतकी वऱ्हाडपांडे पुढे आल्या आणि त्यांनी एक टॅब मोनालीच्या हातात दिला.

"आधी हे बघा. तुम्हीच तुमच्यासाठी ठेवलंय."

पडद्यावर मोनालीच होती. वाळलेली, केस बारीक कापलेले, डोळ्यांखाली काळं आलेलं. ती कागदावरून वाचत होती.

"मोनाली, कोर्टानं मंजूर केलेली एवढीच वाक्यं मला बोलता येतात. पराग आजारपणात गेला. हाडोळे साहेबांच्या खटल्यात मी माफीची साक्षीदार झालेय. साक्ष होईपर्यंत मागचं दीड वर्ष तुला आठवणार नाही. घरी आई असतील. त्यांच्यासोबत राहा. मी सांगते म्हणून राहा."

मोनालीनं ते पुन्हा पुन्हा पाहिलं. तिला रडू आलं नाही. तिच्या लेखी कालच पराग स्टुलावर उभा राहून पडद्याचा दांडा बसवत होता आणि खालून स्क्रू दे म्हणून ओरडत होता. काल पडदे लावणारा माणूस आज गेलेला आहे, यावर कुणाचा विश्वास बसेल?

माफीच्या साक्षीदाराची पद्धत जुनीच. गुन्ह्यात सामील असलेल्या एखाद्यानं कोर्टात सगळं खरं सांगायचं, काही लपवायचं नाही, त्या बदल्यात कोर्ट त्याला माफ करतं. अडचण होती ती वेळेची. पोलिसांपुढचा जबाब पुरावा ठरत नाही, साक्ष कोर्टातच द्यावी लागते, आणि राजकारणातल्या मोठ्या माणसांचे खटले उभे राहायला वर्षं लागतात. तोवर साक्षीदाराला कुणी धमकावतं, कुणी गोंजारतं. ते कुणी केलं नाही तरी तो स्वतःच रोज तीच गोष्ट मनात घोळवत बसतो.

डॉ. केतकींनी मोनालीला हे नीट समजावून सांगितलं. "आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नाही. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्यानं बांधतो. बांधताना त्या दिवसाची भीती, राग, कुणीतरी सांगितलेलं, सगळं त्यात मिसळतं. म्हणून जी आठवण माणूस सगळ्यात जास्त वेळा काढतो, तीच सगळ्यात जास्त बदललेली असते. तो खोटं बोलत नसतो. त्याला तसंच आठवत असतं."

यावर उपाय एकच, आठवायचंच नाही. प्रत्येक आठवणीमागे मेंदूतल्या पेशींचा एक छोटा गट असतो. विशिष्ट औषध देऊन आणि चुंबकीय लहरी सोडून त्या गटापर्यंत पोचायची वाट बंद करता येते, हे काही वर्षांपूर्वी सिद्ध झालं होतं. आठवण जागेवर राहते, पण हात लागत नाही, आणि हात लागत नाही म्हणून बदलतही नाही. साक्षीच्या वेळी दुसरं औषध देऊन वाट मोकळी करायची. कायद्याच्या भाषेत याला मोठं नाव होतं. लोक त्याला सील म्हणत.

"पण मग फक्त त्या खटल्याचंच बंद करायचं," मोनाली म्हणाली. "पराग का घेतला?"

"मेंदूत खटल्याचा वेगळा कप्पा नसतो. ज्या दिवशी तुम्ही खटल्यातल्या कागदांवर सही केली, त्याच दिवशी तुम्ही नवऱ्याला औषधही पाजलं. दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं. काळाचा अख्खा तुकडाच बंद करावा लागतो. तुम्हाला हे सांगितलं होतं. तुम्ही फार वेळ विचार करून हो म्हणालात."

खटल्याबद्दल तिला जेवढं सांगायची मुभा होती, तेवढं कोर्टाच्या आदेशात होतं. विश्वजित हाडोळे केंद्रात मंत्री होते. मोनाली त्यांचं नागपूरचं कार्यालय सांभाळायची. वैनगंगेच्या खोऱ्यात पुराची सूचना देणारी यंत्रं बसवल्याचे दाखले त्या कार्यालयातून गेले. यंत्रं बसवलेली नव्हती. पावसाळ्यात सावरटोला नावाचं गाव झोपेत असताना पाणी आलं आणि भोंगा वाजला नाही. दाखल्यांवर सही मोनालीची होती.

एक अट रजनीबाईंनाही होती. त्या दीड वर्षातलं काहीही त्यांनी सुनेला सांगायचं नाही. सांगितलं, तर साक्षीत मोनालीचं किती आणि रजनीबाईंचं किती हे ओळखता येणार नव्हतं.

मानेवाड्यातल्या आपल्याच फ्लॅटमध्ये मोनाली पाहुण्यासारखी शिरली. मसाल्याचा डबा दुसऱ्या फडताळात गेला होता. परागच्या टेबलावर रजनीबाईंचं शिवणयंत्र होतं. कुठल्या खिडकीला कडी लागत नाही, मोनालीला कुठल्या कुशीवर झोप येते, तिचं डोकं दुखायला लागलं की ती आधी चिडते, हे सगळं त्या बाईंना ठाऊक होतं. मोनालीला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, की त्यांना ती आवडत नाही.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" ती विचारायची.

"तूच."

"कधी?"

रजनीबाई तोंड मिटून घ्यायच्या.

पहिले काही महिने मोनाली त्यांना कुठल्याच नावानं हाक मारत नसे. रजनीबाईंनी ते मनावर घेतलं नाही. "काय करून राहिली?" असं विचारत त्या तिच्या खोलीत यायच्या, उत्तर आलं नाही तरी खाटेच्या कडेला बसायच्या, आणि शेजारच्या बाईंच्या मांजरीबद्दल काहीतरी सांगून उठून जायच्या. एकदा त्यांनी तिला गोळाभात शिकवायला घेतला. बेसनाचे गोळे वाफेवर शिजले, तेल तापलं, आणि त्या म्हणाल्या, "फोडणी वरून घाल, हात राखून. मागच्या वेळी तू..."

त्या एकदम थांबल्या आणि बोलायचं टाळायला म्हणून त्यांनी अख्खा गरम गोळा तोंडात टाकला. डोळ्यांत पाणी आलं तरी तो बाहेर काढेनात. मोनालीला हसू फुटलं. त्या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

"मागच्या वेळी मी काय केलं होतं?"

गोळा गिळून रजनीबाई म्हणाल्या, "कोर्टाला विचार."

त्या दिवसापासून घरात जरा सैल वाटू लागलं. दोघी एकत्र जेवू लागल्या. भाजी निवडताना दोघींपैकी कुणीतरी सासू-सुनेच्या मालिका लावायचं आणि दोघी सासूच्या बाजूनं की सुनेच्या यावरून वाद घालायच्या. बहुतेक वेळा रजनीबाई सुनेची बाजू घ्यायच्या.

एका दुपारी मोनालीनं सरळ विचारलं. "त्याला फार त्रास झाला का?"

"मला बोलायची परवानगी नाही."

"कोण ऐकतंय इथे?"

"तू ऐकशील ना. मग कोर्टात तुला तुझं आठवेल की माझं?" त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मला बोलावंसं वाटत नाही असं समजू नको, मोनाली. त्याच्याबद्दल बोलायला या जगात मला दुसरं माणूस आहे कोण? एक तू. आणि तुला काही माहीत नाही."

मोनाली उठून चहा टाकायला गेली, आणि चहापत्तीचा डबा पुढ्यात असूनही बराच वेळ शोधत राहिली.

खटल्याच्या तारखा पडत गेल्या. एकदा हाडोळ्यांचं ऑपरेशन निघालं, एकदा न्यायाधीश बदलले. दुसरी दिवाळी झाली. आणि थंडी ओसरता ओसरता, लसूण सोलत दोघी बातम्या बघत असताना, खाली पट्टी आली. मंत्रिमंडळाच्या शिफारशीवरून राष्ट्रपतींनी विश्वजित हाडोळे यांना माफी दिली होती. कारण वय आणि प्रकृती. नव्या घटनादुरुस्तीमुळे आता निकालाआधीही अशी माफी देता येत होती.

"म्हणजे सुटला?" रजनीबाईंनी विचारलं.

"माफी मिळाली."

"मग तुझी साक्ष?"

मोनालीनं टीव्हीचा आवाज बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिच्या वकील तरन्नुम शेख घरी आल्या. त्या एरवी भराभर बोलायच्या. आज त्यांनी आधी पाणी मागितलं.

"खटला संपला," त्या म्हणाल्या. "आरोपीच उरला नाही."

"त्यांना माफी मिळाली. मग मला?"

"त्यांची माफी राष्ट्रपतींची आहे, तिला अट नाही. तुमची कोर्टाची आहे, तिला अट आहे. सगळं खरं कोर्टात सांगायचं. आता सांगायला खटलाच नाही, म्हणजे अट पुरी झालेली नाही. या प्रकरणात ज्याच्यावर अजून गुन्हा चालवता येतो असं माणूस कायद्यानं एकच उरलंय."

रजनीबाईंचा हात मोनालीच्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला.

तरन्नुमनी दोन वाटा सांगितल्या. सरकारी वकिलांनी कळवलं होतं, की सील तसंच राहू द्या, आम्ही अट पुरी झाली असं मानतो, फाइल बंद. पण बंद ठेवलेल्या पेशी फार वर्षं तशा राहत नाहीत, हळूहळू दुसऱ्या कामाला लागतात. ते दीड वर्ष मग कायमचं गेलं. दुसरी वाट म्हणजे सील उघडायचं आणि आपणहून कोर्टापुढे सगळं सांगायचं. सावरटोल्याच्या लोकांचा हाडोळ्यांवरचा दिवाणी दावा अजून उभा होता, त्याला राष्ट्रपतींची माफी लागू नव्हती. तिथे मोनालीचं सांगणं उपयोगी पडलं असतं. पण मग खोट्या दाखल्यांसाठी तिच्यावर खटला चालणार, आणि वाचवायला माफी नसणार.

"तुमची वकील म्हणून मी पहिली वाट सांगेन," तरन्नुम म्हणाल्या आणि बॅग उचलून निघाल्या.

त्या गेल्यावर रजनीबाई दार लावून तिथेच उभ्या राहिल्या. "नको उघडू."

"तुम्हीच म्हणाला होता, बोलायला कुणी नाही म्हणून."

"म्हणाले असेन. मला एकटीनं आठवायची सवय झाली आता. मुलगा गेला. तूही जेलात जाऊन बसलीस तर मी कुणाशी भांडू? हाडोळे घरी बसून पेपर वाचणार आणि तू काहून जायचं?"

मोनाली जमिनीवर त्यांच्या पायाशी बसली. "मला पराग अजून स्टुलावर उभा दिसतो. बेल वाजली की वाटतं, आला. मी त्याच्यासाठी एकदाही रडलेली नाही, तुम्हाला माहितीये? कुणाचं तरी सांगून माहीत असलेलं दुःख करता येत नाही. आणि सावरटोल्याची माणसं माझ्या सहीनं गेली. मी ती सही का केली हेसुद्धा मला माहीत नाही. असं कसं राहू मी, आई?"

सासूला आई म्हणायची ही आपली पहिलीच वेळ, असं तिला वाटलं. रजनीबाईंना ते नवं नव्हतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि विचारलं, "त्या दवाखान्यात डबा चालतो ना?"

सील उघडताना दुखलं नाही. संध्याकाळपर्यंत काही झालंही नाही. मग खिडकीबाहेर एक ट्रॉली खडखडत गेली आणि त्या आवाजासरशी सगळं यायला लागलं. परागचा पिवळा पडत गेलेला चेहरा. नागपुरात कुठेही बेड नसणं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी येऊन बसलेले हाडोळे साहेब, त्यांनी लावलेले फोन, रात्रीपर्यंत मिळालेला बेड. आणि पुढच्या आठवड्यात त्याच बाकावर त्यांनी हलक्या आवाजात सांगितलेलं, की यंत्रं गोदामात आलीच आहेत, पावसाळ्याआधी बसतील, दाखले तेवढे आज जाऊ देत. घाई नाही, नवऱ्याला जेवू घाल आणि मग कर. तिनं त्याला जेवू घातलं आणि मग सहीसाठी अंगठा फोनवर ठेवला. यंत्रं बसणार नाहीत हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

ती रडली. दोन वर्षांपूर्वी करून झालेलं ते दुःख, आणि तरीही तिच्यासाठी त्याच दिवसाचं. रजनीबाई तिला धरून बसल्या. साक्ष होईपर्यंत बोलायची बंदी होती, म्हणून काही बोलल्या नाहीत.

कोर्टात न्यायाधीशांनी तिला विचारलं, "श्री. हाडोळे यांनी तुम्हाला धमकावलं होतं का?"

"नाही. ते माझ्याशी चांगलेच वागले. म्हणूनच मी सही केली. धमकावलं असतं तर कदाचित केली नसती."

तिनं काही वगळलं नाही, त्यांनी मिळवून दिलेला बेडही नाही. समोर बाकावर सावरटोल्याहून आलेली माणसं बसली होती. त्यांच्याकडे बघून बोलायचं असं तिनं ठरवलं होतं, ते मात्र तिला पूर्ण वेळ जमलं नाही.

हाडोळ्यांना शिक्षा झाली नाही, होणारही नव्हती. पण दिवाणी दाव्यात त्यांना पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. स्वतःच्या तोंडानं स्वतःला अडकवायचं नाही म्हणून आरोपीला गप्प राहता येतं. माफी मिळालेल्या माणसाला अडकायची भीतीच उरत नाही, म्हणून त्याला गप्प राहायचा हक्कही उरत नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. त्यांना उत्तरं द्यावी लागली. सावरटोल्याच्या लोकांनी ती ऐकली. दावा गावाच्या बाजूनं लागला, आणि पुढच्या उन्हाळ्यात नदीकाठी खरोखरची यंत्रं बसली.

मोनालीला वर्षाची शिक्षा झाली. तुरुंगात जाण्याआधीच्या दिवसांत दोघी परागबद्दल मनसोक्त बोलल्या. त्यानं वॉर्डातल्या सगळ्यांना पत्ते शिकवले ते, तो नर्सशी भांडून भजी मागवायचा ते. गोळाभाताच्या वेळी मोनालीनं फोडणीचं तेल कसं पेटवलं आणि पराग खाटेवरून कसा हसत सुटला तेही. पण शेवटच्या दिवसापाशी आलं की रजनीबाई काहीतरी काम काढून उठायच्या. मोनालीनंही विचारलं नाही.

तो विषय निघाला तुरुंगातल्या मुलाखतीत. मध्ये काच, दोन्हीकडे फोन. रजनीबाई नेहमीप्रमाणे मांजरीबद्दल बोलत होत्या आणि मधेच थांबल्या.

"तू म्हणाली होतीस, तुझी आठवण कोरी राहते. हात न लागलेली."

"डॉक्टर म्हणाल्या तसं."

"मग मला खरं सांग. तो गेला तेव्हा मी खाली चहा प्यायला गेले होते ना? त्यानं आई म्हणून हाक मारली. मी जिन्यातून ऐकली. पोचेपर्यंत झालेलं होतं. मी हे तुला कधीच बोलले नाही. कुणालाच नाही."

मोनालीनं फोन घट्ट धरला. "आई, तुम्ही तिथेच होता."

"माझ्या समाधानासाठी बोलू नको."

"चहाचा दिवस वेगळा. तो गुरुवार होता. त्यानं हाक मारली, तुम्ही धावत आलात, त्याला उशी उंच करून हवी होती. तो गेला त्या सकाळी तुम्ही त्याच्या पायथ्याशी बसून तळवे चोळत होता. म्हणाला, आई, तुझे हात किती गार आहेत. मग झोपला. आपल्याला वाटलं, झोपलाच आहे."

"मला जिना दिसतो, मोनाली. रोज दिसतो."

"रोज पाहिलात म्हणूनच. तुमचा चष्मा त्या दिवशी हरवला होता, आठवतं?"

"हो. नर्सनं आणून दिला मागून."

"कुठे सापडला, काय म्हणाली ती?"

रजनीबाईंच्या कपाळावर आठ्या आल्या. त्या हळू म्हणाल्या, "त्याच्या पांघरुणात. पायांपाशी."

"तळवे चोळताना तुम्ही काढून ठेवला होता."

पहारेकरीण वेळ संपल्याचं सांगून गेली. रजनीबाईंनी फोन ठेवला नाही. त्यांनी मोकळा हात डोळ्यांसमोर धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

"गार होते म्हणाला?"

"हो."

"तिथला एसीच तसला होता," त्या म्हणाल्या. "मी त्या नर्सला सांगून सांगून थकले होते."